चाचणीला दिलेली वाक्यं

माझी पत्नी मंगळवारी दुपारी गेली. शाळेला सुट्टी होती म्हणून ती घरी होती. मी ऑफिसात होतो. मुलगी पुण्यात होती. शेजारणीने फोन केला. मी डोंबिवलीला पोचलो तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. डोक्यात रक्तस्राव झाला, असं त्यांनी सांगितलं.

दिवसकार्य झालं, नातेवाईक आपापल्या गावी गेले, मुलगी पुण्याला परतली आणि मी पुन्हा कामावर जाऊ लागलो. घरी बसून वाचता येत नव्हतं. पुस्तक उघडायचं, पान तेच राहायचं. ऑफिसात निदान कोणीतरी काहीतरी विचारायचं.

माझं काम काय, हे सांगायला मला नेहमी वेळ लागतो. आयुष्याचा मोठा भाग मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. ते काम आटलं, तेव्हा घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीला मराठी नीट येणारी माणसं हवी होती, म्हणून तिथे गेलो. ही कंपनी मोठ्या गृहसंकुलांसाठी एक संगणकी मदतनीस तयार करते. रहिवासी फोनवर आपल्या भाषेत काहीतरी लिहितो आणि मदतनीस ते काम स्वतः करून टाकतो. सिलिंडर बुक करतो, सोसायटीच्या कार्यालयात तक्रार देतो, फाटकावर निरोप देतो, सगळ्या रहिवाशांना सूचना पाठवतो. प्रत्येक कामासाठी एक वेगळा छोटा प्रोग्राम असतो. त्याला आमच्याकडे टूल म्हणतात. मदतनिसाला टूलच्या आतलं काही दिसत नाही. त्याच्यापुढे प्रत्येक टूलचं चार-पाच ओळींचं वर्णन असतं. ते वाचून कुठलं टूल कधी उचलायचं, हे तो ठरवतो. वर्णन ढिसाळ असेल तर हुशार मदतनीसही चुकीचं टूल उचलतो.

ही वर्णनं त्याला नीट वाट दाखवतात की नाही, हे मी तपासतो. त्यासाठी रहिवासी लिहील तसं एक वाक्य घ्यायचं. त्यावर काय व्हायला हवं ते आधीच शेजारच्या रकान्यात लिहून ठेवायचं. मग वाक्य मदतनिसापुढे ठेवायचं आणि तो काय करतो ते बघायचं. चुकला तर पहिला संशय वर्णनावर घ्यायचा. मुद्रितं तपासण्याहून हे फार वेगळं नाही, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

अडचण आमच्या वाक्यांची होती. टीममधली मुलं लिहायची, ‘कृपया माझ्यासाठी सिलिंडर बुक करा.’ मदतनीस बुक करायचा. सगळं पास. मग एका संकुलातल्या लोकांना तो वापरायला दिला आणि दोन-चार दिवसांत तक्रारींचा ढीग लागला.

आमची टीम लीड माझ्या मुलीहून थोडीच मोठी आहे. ती म्हणाली, “सर, माणसं असं बोलतच नाहीत. माझी आई बघा. काय हवंय ते कध्धी सांगणार नाही. डायरेक्ट टोमणा.”

“मग तुझ्या आईलाच कामावर घे,” कोणीतरी म्हणालं.

“घेतलं असतं, पण ती मला काढून टाकेल.”

शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपल्या घरातली खरी वाक्यं आणायची. स्वतःची, नाहीतर ज्याची असतील त्याला विचारून घेतलेली. वाक्यापुढे ‘कोणाचं’ असा एक रकाना होता.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी फोन उघडला. तिचे मेसेज होते तसेच होते. ती गेल्यापासून मी ते उघडले नव्हते. ऑफिसचं काम नसतं तर आणखी बरेच दिवस उघडले नसते. म्हणजे मी पहिल्यांदा ते पाहिले ते कामासाठी.

ती गणित शिकवायची. वर्गात एकही पायरी न गाळणारी म्हणून तिचा दरारा होता. घरी मात्र तिने सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. काय घडलंय ते सांगायची आणि बाजूला व्हायची. पुढची पायरी आपण ओळखायची. मेसेजही तसेच.

‘गॅस शेवटच्या घटका मोजतोय. तुम्ही पुस्तकाचं प्रकरण संपवा आधी.’

‘वरच्यांची आंघोळ आपल्या बाथरूममध्ये चालू आहे.’

‘इस्त्रीवाला आपले कपडे घालून फिरत असावा.’

‘दूधवाल्याचा समज झालाय की आपण गावाला गेलो.’

‘तुमच्या ताईंचा फोन आला होता. मी गोड बोलले.’

यातल्या बहुतेकांवर माझं उत्तर एकच होतं, ‘बरं.’

मी आधी थोडीच वाक्यं उतरवून घेतली. ‘कोणाचं’ या रकान्याशी थांबलो. तिचं, असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की विचारलं का. मी ‘माझं’ असं लिहिलं. घर एकच होतं, फोन माझा होता, मेसेज मला आले होते. अशी कारणं मनात पटापट तयार झाली. इतकी पटापट, की ती खरी नाहीत हे तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. गॅस शेवटच्या घटका मोजतोय, हे वाचून मदतनिसाने आणीबाणीचं टूल उचललं. फाटकावरच्या रखवालदाराला वर पाठवलं आणि रुग्णवाहिका मागवली. आंघोळीच्या वाक्यावर तक्रार कार्यालयात न देता त्याने सगळ्या रहिवाशांना सूचना धाडली, की वरच्या मजल्यावरील सदस्यांनी कृपया आंघोळ थांबवावी. चाचणीत खरं कुठेच काही जात नाही. सगळे टेबलाभोवती जमून हसत होते.

“सर, हे तुम्ही लिहिता घरी? ऑफिसात तर ‘कृपया’शिवाय बोलत नाही.”

मीही हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो. मग बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. रुग्णवाहिकेच्या गोष्टीवर मी हसलो होतो.

काम मात्र पुढे सरकलं. चूक कुठे आहे ते आता दिसत होतं. सूचनेच्या टूलचं वर्णन होतं, ‘रहिवाशांच्या अडचणींबाबत संदेश पाठवते.’ तक्रारीच्या टूलचं होतं, ‘अडचणींबाबत कार्यालयाला संदेश पाठवते.’ आपण दोन्ही वाचून फरक ओळखू, कारण सगळ्या बिल्डिंगला आपली गळती कळवू नये हे आपल्याला ठाऊक असतं. मदतनिसाला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. मी दोन्ही वर्णनं नव्याने लिहिली. टूल काय करतं, एवढ्यावर न थांबता ते कधी उचलावं आणि कधी उचलू नये, तेही लिहिलं. सर्वांना सूचना पाठवण्याआधी विचारावं, असं घातलं. आणि एक परिच्छेद जोडला: घरातला माणूस बऱ्याचदा मागणी करत नाही, परिस्थिती सांगतो, एखादी वस्तू संपत आली, बिघडली किंवा ठरल्या वेळी आली नाही असं तो सांगत असेल, तर त्याला त्यावर काहीतरी व्हायला हवं आहे असं धरावं.

हा परिच्छेद लिहिताना ती समोर बसल्यासारखी होती. ‘इतक्या वर्षांनी कळलं का?’ असं ती म्हणाली असती.

वर्णनं बदलली तसा मदतनीस सुधारला. मग तो अतिउत्साही झाला. गॅसवर दूध उतू गेलं असं लिहिलं तरी सिलिंडर मागवायचा. तेव्हा जिथे काहीच करायचं नाही अशीही वाक्यं हवी झाली. नुसती गप्पांची, निरोपाची. मी पुन्हा फोनकडे वळलो. आता ते सोपं झालं होतं. संध्याकाळी चहा घेऊन बसायचं आणि तिच्या मेसेजांतून उपयोगाचे वेचायचे. एखादा हाती लागला की मला आनंद व्हायचा. भाजीवालीकडे ताजी मेथी दिसल्यावर होतो तेवढाच.

ती रोज संध्याकाळी कोपर स्टेशनच्या पुढे खाडीकडे चालायला जायची. मी घरी वाचत असायचो. तिथून तिचे मेसेज यायचे. ‘पाणी चढलंय.’ ‘आज बगळे खूप आहेत.’ ‘खाडीवर वारा छान आहे.’ मी ते घेतले आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, ‘काहीही करू नये.’

मदतनीस त्यात पास झाला. त्याने कुठलंही टूल उचललं नाही. ‘वा, संध्याकाळ छान जावो,’ असं म्हणाला.

महिन्याच्या बैठकीत लीडने आधीचे आणि नंतरचे निकाल पडद्यावर दाखवले. म्हणाली, “हा सगळा फरक सरांच्या वाक्यांमुळे आहे.” टाळ्या झाल्या. पेढे आणले होते. आमच्या घरी वर्षभर सण करायचा नाही असं ठरलं होतं, गोडाधोडाचं मी काही आणत नव्हतो. तो पेढा मी खाल्ला. कोणाच्या नावाचा खातोय, हे मला माहीत होतं. बसमध्ये बसल्यावर हात चिकट लागत होता आणि पुसायला रुमाल नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली. कंदील लावायचा नव्हता. तिने आईची कपाटं आवरायला काढली. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन काम करत होतो. दुपारी ती माझ्यामागून फडताळातला डबा काढायला आली आणि थांबली.

“हे आईचं आहे.”

मी टाइप करत राहिलो.

“बाबा, इस्त्रीवाला. हे आईचं आहे. मलाही पाठवलं होतं तिने.”

“ऑफिसला वाक्यं हवी होती. घरातली.”

“म्हणून आईची दिलीस?”

“चाचणीला. मदतनिसाला माणसांची भाषा कळावी म्हणून.”

“कोण कोण वाचतं?”

“टीममधले. आणखी एकदोन जण.”

“हसतात?”

“हसतात. म्हणजे, वाईट अर्थाने नाही.”

तिने खुर्ची ओढली आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मी अडवलं नाही. ती वरून खाली सगळं वाचत गेली. आत्याच्या फोनवर तिला हसू आलं. “हे आत्याला वाचून दाखवू का? ‘गोड बोलले’ म्हणे.” मला वाटलं, निभावलं. मग ती म्हणाली, “सोसायटीच्या ग्रुपवर आई साधं गुड मॉर्निंग टाकत नव्हती. लोकांना आपल्या घरातलं कशाला, म्हणायची. आणि ‘कोणाचं’च्या खाली तू ‘माझं’ लिहिलंयस.”

ती आणखी खाली गेली.

“‘खाडीवर वारा छान आहे.’ पुढे ‘काहीही करू नये.’ हे कोणी लिहिलं?”

“मीच. तिथे कुठलंच टूल लागत नाही. ती वाऱ्याबद्दल नुसतं सांगतेय.”

“नुसतं सांगतेय?”

“मदतनीस काय करणार तिथे? बरोबर उत्तर तेच आहे.”

“त्याचं बरोबरच आहे रे. मी तुझं विचारतेय. तुला तिकडे बोलवत होती ती. रोज.”

मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. गॅसच्या वाक्यामागे काय आहे ते मी बिनचूक लिहिलं होतं. आंघोळीच्या, दुधाच्या, इस्त्रीच्या वाक्यांमागे काय आहे, तेही. तिच्या बोलण्याचा अर्थ मला लागत होता, निकाल त्याची साक्ष देत होते. खाडीच्या ओळींवर मात्र हात न थबकता मी ‘काहीही करू नये’ असं लिहीत गेलो होतो. एकदा नाही, तशा प्रत्येक ओळीपुढे.

“काढून टाक,” ती म्हणाली.

मी समजावायला लागलो. वर्णनं किती सुधारली ते सांगितलं. घोडबंदरला चोविसाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजीने गॅस संपत आलाय एवढंच लिहिलं तरी आता तिला सिलिंडर मिळेल, हे तुझ्या आईमुळे झालं, असंही म्हणालो. ते खरं होतं. पण बोलताना माझा आवाज बैठकीतल्यासारखा येत होता.

“मग विचारायचं होतंस.”

“कोणाला विचारू आता?”

“मला,” ती म्हणाली. “मी आहे ना.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “मी तुला लिहिते तेही दिलंयस का?”

“नाही.”

“देणार होतास?”

मी नाही म्हणालो. ते खरं की खोटं, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. तिलाही ते दिसलं असावं. सुट्टी संपायच्या आधीच ती पुण्याला गेली. निघताना पाया पडली, डब्यात चिवडा भरून घेतला, बसमध्ये बसल्यावर फोन केला. सगळं रीतीप्रमाणे. फक्त त्या दिवसापासून तिने मला लिहिणं बंद केलं. आधी दिवसातून दहा गोष्टी यायच्या. मेसचं जेवण, मैत्रिणीचं भांडण, रस्त्यावरच्या कुत्र्याचा फोटो. आता फोन यायचा. “जेवलास? गोळी घेतलीस?” बोलून झालं की ठेवायची. फोनवर बोललेलं मी उतरवून घेऊ शकत नाही, हे ती मनाशी धरून बोलते, असं मला वाटायचं.

तरीही मी लगेच ऑफिसात सांगितलं नाही. नवी वर्णनं बाहेर जाणार होती, शेवटची तपासणी चालू होती. हे होऊन जाऊ दे, मग सांगू, असं म्हणत राहिलो. त्या दिवसांत चाचणी रोज चालायची. खाडीवर वारा छान आहे, मदतनीस काही करत नाही, पास. पाणी चढलंय, पास. हिरव्या खुणा एकाखाली एक यायच्या. एका सकाळी मला त्या बघवेनात. मी उठून लीडच्या टेबलापाशी गेलो.

“ती वाक्यं माझी नाहीत,” मी म्हणालो.

“कुठली, सर?”

“सगळीच. माझ्या बायकोची आहेत. ती गेल्यावर दिली.”

तिने हेडफोन काढून ठेवले. “सर, तुम्ही ‘माझं’ लिहिलं होतं ना?”

“हो.”

“आम्ही एवढे हसलो त्यावर. तुम्ही पण तिथेच होता.”

“हो.”

तिने पडद्यावर वाक्यांची यादी उघडली. मग म्हणाली, “मी पण आईची टाकलीत. विचारून. ती म्हणाली, फोटो येणार का पेपरात? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग घे.” तिने डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. तिने वाक्यं काढली. ज्यांच्याकडे प्रती गेल्या होत्या त्यांना लिहून त्याही पुसायला लावल्या, आणि पुसल्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा केला. त्यांच्या जागी इतरांच्या घरची, विचारून आणलेली वाक्यं आली. त्यांवरही मदतनीस बऱ्यापैकी चालला.

मी तिला विचारलं, “वर्णनं पण आधीसारखी करायची का? ती या वाक्यांवरून सुधारली होती.”

“सर, त्याने कोणाचं भलं होणार?” ती म्हणाली. “तुम्ही घरी विचारा. मी थांबते.”

या वेळी मी विचारलं. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा वाक्यं काढल्याचं सांगितलं आणि तो परिच्छेद तिला वाचून दाखवला. घरातला माणूस बऱ्याचदा मागणी करत नाही, परिस्थिती सांगतो. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“आईने दोन ओळींत आटपलं असतं.”

“हो.”

“हे काढलं तर काय होईल?”

“लोक सांगत राहतील आणि मदतनीस ‘बरं’ म्हणत राहील.”

 पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “पण आईचं नाव घेऊन कोणाला सांगू नकोस, की तिच्यामुळे झालं. बैठकीत वगैरे.”

“नाही सांगणार.”

मी ते कोणाला सांगितलेलं नाही. इथेही नाव लिहिलेलं नाही. तरी हे लिहिताना तिची वाक्यं मी पुन्हा वापरली आहेत. या वेळी आधी मुलीला पानं वाचून दाखवली. “खाडीचं ठेव,” एवढंच ती म्हणाली. ठेवलं, म्हणून मला हलकं वाटलं असं नाही.

तो परिच्छेद वर्णनात आहे. चाचणीत तिचं एकही वाक्य नाही. मुलगी रविवारी फोन करते. ती मला अजून काही लिहून पाठवत नाही.